मक्याची लापशी व कुट्टूची लापशी

दुष्काळनिवारणाच्या कामीं द्रव्यानें, धान्यानें किंवा गाडीबैलांनीं साह्य करणारे व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थ एक प्रश्न नेहमीं विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे: एका रुपयांत अधिकांत अधिक पोटें कोणत्या धान्यानें भरतील? बाजारभाव पाहूं गेलें तर पुष्कळदां उत्तर मका असें येतें. मोठ्या कढईंत आधण ठेवावें, त्यांत मक्याचें पीठ वैरावें, मीठ घालावें आणि पंगत बसवावी. याहून स्वस्त अन्नछत्र तें कोणतें? हेंच उत्तर युरोपांतील शेतकऱ्यानें व त्याच्या जमीनदारानें तीनशें वर्षांपूर्वीं काढलें होतें. पुढें त्या उत्तराची किंमत लोकांस फार जबर पडली. ती वही उघडून दात्यांपुढें ठेवावी, एवढ्याकरितां हा लेख आहे.

प्रथम मक्याच्या आधीं तेथील गरीब लोक ज्यावर जगत त्या धान्याविषयीं. कुट्टू आपल्या प्रांतीं फारसा पिकत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत मात्र नवरात्रांत त्याच्या पिठाच्या पुऱ्या व पकोडे उपवासास चालतात. कारण उघड आहे. हें तृणधान्य नव्हे; आपल्या परसांतील आंबटचुका ज्या कुळांतला त्याच कुळांतलें हें झाड. दाणा तिधारी व काळसर तपकिरी, टरफल टणक, पीठ करडें. मूळ स्थान हिमालयाच्या पूर्वेकडे, चीनच्या नैर्ऋत्य भागांत. तेथून तें चौदाव्या-पंधराव्या शतकांत युरोपांत पोंचलें. इटालियन व फ्रेंच लोक त्यास ‘सारासेनांचें’ म्हणजे मुसलमानांचें धान्य म्हणूं लागले, रशियनांनीं ग्रीकांचें नांव दिलें. पुढें अमेरिकेंतून मका आला तेव्हां इटलींत त्यास ‘तुर्की धान्य’ म्हणत, तर इंग्रज त्याच मक्याच्या पिठास ‘इंडियन’ पीठ म्हणत. त्यांत आपला कांहीं संबंध नव्हता, तो ‘इंडियन’ अमेरिकेचा मूळ रहिवासी होय. गरिबाच्या ताटांतील धान्यास परक्याचें नांव देण्याची ही खोड सर्वत्र दिसते.

कुट्टूचा मोठा गुण असा कीं, तो दहा-बारा आठवड्यांत पिकतो व हलक्या, आंबट, खताविना पडलेल्या जमिनींतही येतो. डोंगरांतला शेतकरी उन्हाळ्यांत राय नांवाचें धान्य कापून त्याच शेतांत कुट्टू फेंकी आणि थंडी कडक होण्यापूर्वीं दुसरें पीक घरांत आणी. दोष दोन: थोड्याशा हिंवानेंही तो जळतो, आणि एकरीं उतारा कमी. ह्या दुसऱ्या दोषामुळेंच इटलीच्या सपाट मुलुखांतून मक्यानें त्यास सतराव्या-अठराव्या शतकांत हुसकून लाविलें. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत मात्र तो टिकला.

आतां स्वयंपाक. पोलेंता करणें म्हणजे आपल्या बायकांस परिचित असलेलें पिठलें ढवळण्यासारखेंच काम, पण तासाभराचें. तांब्याच्या खोल हंड्यांत खारट पाणी उकळतें. एका हातानें भरड पीठ पावसासारखें सोडावयाचें व दुसऱ्या हातानें लांब दांड्यानें ढवळावयाचें, नाहींतर गुठळ्या होतात. एका मापास चार मापें पाणी व सुमारें पाऊण तास आंच हें साधारण प्रमाण. घट्ट गोळा हंड्याच्या कडा सोडूं लागला म्हणजे तो लांकडी पाटावर पालथा घालतात व ताणलेल्या दोऱ्यानें त्याचे काप पाडतात. रुमानियांतील मामालिगाही अशीच मक्याची, व तीही दोऱ्यानेंच कापण्याचा परिपाठ. लोंबार्डीच्या वाल्तेल्लिना खोऱ्यांत मका व कुट्टू यांचीं पिठें एकत्र करून जी काळपट पोलेंता होते तिला ताराग्ना म्हणतात. हें नांव ती ज्या दांड्यानें ढवळतात त्या दांड्यावरून पडलें असें सांगतात. तींत शेवटीं लोणी व चीज सढळ हातानें घालतात. ह्या चीजकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

स्लोव्हेनियांतील झ्गांत्सि हा प्रकार याहून निराळा. उकळत्या पाण्यांत कुट्टूचें पीठ एकदम ढिगासारखें ओतून तें ढवळीत नाहींत. पळीच्या दांड्यानें मधोमध भोंक पाडून तसेंच शिजूं देतात. मग थोडें पाणी काढून ठेवून ढीग घोटतात व काट्यानें मोकळा करतात; वरून डुकराच्या चरबीची फोडणी पडते. मोकळ्या उकडीचीच ही कोरडी बहीण म्हणावी. रशियांतील काशा याहूनही सोपी: सोललेला व भाजलेला अख्खा दाणा मडक्यांत पाणी घालून भट्टीच्या निवत्या आंचेवर ठेवून द्यावयाचा. ढवळण्याचें नांव नाहीं, घरची बाई दुसऱ्या कामास मोकळी. सरपण कमी लागतें हा तिचा फायदा अन्नछत्र चालविणाऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावा, कारण दुष्काळांत सरपणही धान्याइतकेंच महाग होतें.

मान्झोनी ह्या इटालियन ग्रंथकारानें एकोणिसाव्या शतकांत लिहिलेल्या प्रसिद्ध कादंबरींत १६२८ सालच्या मिलान प्रांतांतील टंचाईचें चित्र आहे. त्यांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं सर्व कुटुंब ज्या लहानशा पोलेंतेभोंवतीं बसलें आहे ती करड्या रंगाची, कुट्टूची आहे. त्या काळीं पिवळ्या मक्याचें राज्य अद्याप सुरू झालेलें नव्हतें, हें ग्रंथकारास ठाऊक होतें.

१७८६ च्या सप्टेंबरांत जर्मन कवि गटे आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. वाटेंतील लोकांचे, विशेषतः बायकांचे, फिकट व रोगट चेहरे पाहून त्यानें कारण शोधिलें. लोक मका व कुट्टू दळून, पाण्यांत घट्ट शिजवून, तसेंच खातात. पर्वताच्या जर्मन बाजूस तोच गोळा मोडून लोण्यांत परततात, पण इकडे तें कांहीं नाहीं व वर्षभर मांस नाहीं, असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नोंदलें. प्रवाशाच्या धांवत्या दृष्टीस जें दिसलें तें पुष्कळसें खरें होतें. फक्त कुट्टू निरपराधी होता. त्याच्या प्रथिनांत मक्याच्या प्रथिनांत नसलेले घटक बऱ्यापैकीं आहेत. दोष मक्यांत, किंवा अधिक नेमकें सांगावयाचें तर, नुसता मका खाण्यांत होता.

त्या दोषाचें नांव पेलाग्रा. १७३५ सालीं स्पेनच्या आस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल ह्या वैद्यानें तो प्रथम वर्णिला; १७७१ सालीं मिलानच्या फ्रापोल्ली नामक वैद्यानें लोकांच्या तोंडचें नांव ग्रंथांत घातलें. त्याचा अर्थ खरखरीत कातडी. वसंतांत ऊन लागूं लागलें कीं गळा, हातांचे पंजे व पाय भाजल्यासारखे लाल होऊन मग काळवंडून सोलतात. जीभ व तोंड येतें, जुलाब हटत नाहींत, आणि शेवटीं बुद्धि भ्रमते. वेनिसकडील वेड्यांचीं इस्पितळें अशा शेतकऱ्यांनीं भरलेलीं असत. १८८१ सालच्या मोजणींत इटलींत एक लाखाहून अधिक रोगी आढळले, आणि ते बहुतेक लोंबार्डी, वेनेतो व एमिलिया ह्या सुपीक प्रांतांतले.

सुपीक प्रांतांतले, हें वाचून आश्चर्य वाटेल. जमीनदार वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. तेथील व्यवस्था अशी होती कीं, गहूं खंडांत व बाजारांत जावयाचा आणि कुळाच्या घरीं मका राहावयाचा. मक्याचा उतारा दांडगा, म्हणून थोड्याशा जमिनींत कुळाचें पोट भरतें व उरलेली जमीन गव्हाकडे लागते. धान्याच्या वजनानें मोजलें तर कुळास कमी मिळत नव्हतें. पोट भरलेलें असे. डोंगरांतला शेतकरी त्याहून दरिद्री, पण त्याच्या घरीं दोन गाई होत्या, म्हणून पोलेंतेंत चीज व ताक पडे, आणि मक्याच्या जोडीस कुट्टू असे. त्याच्याकडे हा रोग फार कमी. भरल्या पोटीं माणूस मरूं शकतो ही गोष्ट तेव्हांच्या विद्वानांस पटत नव्हती. चेझारे लोंब्रोझो ह्यानें तर कुजक्या मक्यांतील विषानें रोग होतो असा सिद्धांत मांडून पुष्कळ वर्षें वाद जिंकला. धान्य चांगलें असो कीं कुजकें, नुसता मकाच मारतो, असें म्हणणाऱ्यांस खंड व मजुरी यांचा प्रश्न उपस्थित करावा लागला असता. कुजक्या दाण्यावर दोष टाकणें सर्वांसच सोईचें होतें.

उकल अमेरिकेंत झाली. तेथील दक्षिणेकडील कापसाच्या प्रांतांत मक्याचें पीठ, काकवी व डुकराची चरबी ह्यांवर राहणाऱ्या मजुरांत पेलाग्रा पसरला, तेव्हां १९१४ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांस नेमिलें. अनाथाश्रमांत व वेड्यांच्या इस्पितळांत आजारी पडणाऱ्यांत रोगी सांपडतात, नोकर मात्र सांपडत नाहींत, हें पाहून त्यांनीं रोग संसर्गाचा नाहीं असें ठरविलें. दूध, अंडीं, मांस व कडधान्यें दिलीं तेव्हां अनाथाश्रमांतील रोग नाहींसा झाला. १९१५ सालीं मिसिसिपींतील एका तुरुंगाच्या शेतावर सुटकेच्या बोलीवर राजी झालेल्या कैद्यांस मक्याचेंच मुख्य अन्न देऊन त्यांच्यापैकीं सहांत रोग उत्पन्न करून दाखविला. तरीही लोक संसर्ग म्हणत राहिले, म्हणून त्यांनीं रोग्याचें रक्त स्वतःस टोचून घेतलें. कांहीं झालें नाहीं. १९३७ सालीं एल्व्हेजेम ह्या रसायनज्ञानें निकोटिनिक अम्ल, ज्यास आतां नायासिन म्हणतात, तें देऊन कुत्र्यांतील तसाच रोग बरा केला.

मक्यांत नायासिन नाहीं असें नाहीं. पण तें अशा बंधनांत असतें कीं, शिजवूनही पोटास लागत नाहीं. शरीर तें प्रथिनांतील ट्रिप्टोफेन ह्या घटकापासून करूं शकतें, पण मक्यांत तोही अपुरा. दूध, चीज, अंडीं, मासे, भुईमूग, डाळी ह्यांपैकीं कांहीं जोडीस असलें कीं उणीव भरून येते. एवढी साधी गोष्ट.

मग अमेरिकेच्या मूळच्या लोकांनीं हजारों वर्षें मकाच खाऊन काय केलें? मेक्सिकोंतील बाया दाणा चुन्याच्या पाण्यांत उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळीं धुवून टरफल काढतात व मग वाटतात. दाण्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याइतका चुना पुरतो. कोठें कोठें चुन्याऐवजीं लांकडाची राख वापरीत. यानें टरफल सुटतें व वाटणें सोपें होतें, एवढेंच त्या बायांस दिसत असावें. पण त्याच खटपटींत नायासिन बंधनांतून मोकळें होतें. स्पॅनिश लोकांनीं दाणा युरोपांत नेला आणि चुना मागें राहिला. विड्याच्या डब्यांत चुना बाळगणाऱ्या आपल्या लोकांस ही युक्ति शिकविणें अवघड जाऊं नये.

आतां दुष्काळांतील मदत. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. प्रधान सर रॉबर्ट पील यांनीं बाजारांत गडबड होऊं नये म्हणून गुप्तपणें, बेअरिंग पेढीमार्फत, एक लाख पौंडांचा मका अमेरिकेंतून मागविला. विचार दूरदर्शीपणाचा होता. पण धान्य व स्वयंपाक यांत जें अंतर असतें तें कोणीं मोजलें नव्हतें. दाणा इतका टणक कीं, भट्टींत सुकवून दोनदां दळावा लागे, आणि आयर्लंडांत तशा गिरण्या थोड्या. खजिन्याचे सचिव ट्रेव्हेल्यन यांस दुसरें दळण अनावश्यक खर्च वाटला. बटाटा उकडण्यापलीकडे चूल न पाहिलेल्या घरांतून तें भरड अर्धकच्चें शिजलें व लोकांचीं पोटें बिघडलीं. पिवळ्या रंगावरून लोकांनीं त्यास ‘पीलचा गंधक’ असें नांव ठेविलें. पुढें शिजविण्याची रीत छापून स्वस्त पत्रकें वांटलीं, ओटच्या पिठाशीं मिश्रण केलें, आणि तेंच पीठ लोक मागूं लागले. १८४७ च्या उन्हाळ्यांत शिजलेल्या अन्नाचीं छत्रें उघडलीं. जुलैंत रोज तीस लाखांहून अधिक माणसें त्यांवर जेवत होतीं. मका, तांदूळ व ओट यांची घट्ट लापशी हें मुख्य अन्न. कोरडें पीठ दिलें तर तें विकलें जातें. शिजलेली लापशी कोणी विकत घेत नाहीं व दुसऱ्या दिवशीं आंबते, म्हणून गरजू तेवढाच रांगेंत उभा राहतो, हा हिशेब त्यावेळीं लोकांस कळला. छत्रें त्याच वर्षीं बंद झालीं. दुष्काळ बंद झाला नाहीं. त्या संकटांत कलकत्त्याहून सुमारें १४,००० पौंडांची वर्गणी गेली होती, ही गोष्ट आपल्याकडील दात्यांस ठाऊक असावी.

याहून अलीकडचें व अधिक बोलकें उदाहरण आफ्रिकेंतलें आहे. मोझांबिकमधील युद्धामुळें लाखों लोक मलावी देशांत छावण्यांत राहत होते. त्यांचा शिधा मक्याचा, जोडीस भुईमूग. १९८९ सालीं कांहीं महिने भुईमूग येणें बंद पडलें. मका येत होता, शिध्याचें माप भरत होतें, उपाशी कोणी राहत नव्हतें. १९९० सालीं त्या छावण्यांत पेलाग्राचे १८,००० हून अधिक रोगी नोंदले गेले, त्यांत बायका फार. ज्यांच्या झोंपडीमागें भाजीचा वाफा होता किंवा ज्यांस थोडा भुईमूग मिळत होता ते पुष्कळसे वांचले. वर्गणी कमी पडली कीं समित्यांच्या सभेंत प्रथम डाळ व शेंगदाणे यांवर काट मारली जाते, कारण ते महाग आणि ‘पोट तर धान्यानें भरतें’. ज्यांस ती काट मारावी लागेल त्यांनीं मलावीचा आंकडा समोर ठेवून मग लेखणी उचलावी. आमच्या मतें, शंभर पोतीं नुसत्या मक्यापेक्षां ऐंशीं पोतीं मका व उरलेल्या पैशांचा भुईमूग हें दान मोठें.

आम्हीं मका खात नाहीं, आमची ज्वारी आहे, असें येथील वाचक म्हणतील. ज्वारीविषयींही निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच राहणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा आढळतो, असें हैदराबाद येथील संशोधक गोपालन व श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें. ज्वारींतील ल्यूसीन नामक घटकाचें आधिक्य हें कारण त्यांनीं सुचविलें. कारणाविषयीं मतभेद झाले, रोगी दिसले याविषयीं नाहींत. कण्यांबरोबर ताक, आंबिलींत ताक, भाकरीबरोबर डाळीचा गोळा किंवा शेंगदाण्याची चटणी ही जुनी जोडी चवीपुरती नव्हती. दुष्काळांत प्रथम गाय विकली जाते आणि ताक जातें. भाकरी त्यानंतर जाते. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील कामांवर मजुरांस सुकडी वांटीत, ती ज्यांनीं खाल्ली त्यांस तिची चव अजून आठवते. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोस मात्र ते नांवें ठेवतात.

धान्य पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांकरितां एक गोष्ट राहिली. लोंब्रोझोचें मत पेलाग्रापुरतें खोटें ठरलें, पण बुरशी आलेला मका मारतो हें निराळ्या मार्गानें खरें ठरलें. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत, अवकाळी पावसानें भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनीं खाल्ला. दाण्यावरील बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन ह्या विषानें काविळ होऊन ३९७ आजाऱ्यांपैकीं १०६ मेले. ही बुरशी शिजविल्यानें निर्विष होत नाहीं. कुट्टूचें तसें नाहीं, पण त्याचें पीठ फार दिवस टिकत नाहीं. दरवर्षीं उपवासाच्या दिवसांत उत्तरेकडे जुन्या व भेसळीच्या पिठानें लोक आजारी पडल्याच्या बातम्या येतात. टरफलांतला दाणा मात्र चांगला टिकतो. सबब दोन्ही धान्यें अख्खीं पाठवावीं, दळण छत्राजवळ करावें, व तें आठवड्यापुरतेंच करावें.

मक्याची ओल वखारींतच पाहतां येते. कोरड्या कांचेच्या बाटलींत मूठभर दाणे व थोडें पूर्ण वाळविलेलें मीठ घालून बूच लावावें व चांगली हालवून कांहीं वेळ ठेवावी. मीठ कांचेस चिकटलें तर दाण्यांत शेंकडा पंधराहून अधिक ओल आहे असें समजून माल पुन्हां उन्हांत पसरावा, आणि मीठ मोकळें राहील तेव्हांच पोतीं शिवावीं.